हिरवे चौकोन

हवाई दलाच्या प्रशिक्षण तळावर ज्याला एक्सेल बरं येतं, त्याच्या गळ्यात फ्लाइंग प्रोग्रॅम पडतो. माझ्याही पडला. तांबरमच्या फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूलमधून उडवायला शिकवण्याचं शिक्षण घेऊन मी नुकताच रुजू झालो होतो आणि एक्सेलमधलं काम आपोआप करून घेणारा मॅक्रो लिहिता येणारा तिथे दुसरा कोणी नव्हता. तळाचं नाव लिहीत नाही, कारण तळानं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते मी, आणि तेही शाबासकी घेत घेत.

फ्लाइंग प्रोग्रॅम म्हणजे उद्याच्या उड्डाणांचा तक्ता. कोणता कॅडेट, कोणता इन्स्ट्रक्टर, कोणतं विमान, अभ्यासक्रमातली कितवी सॉर्टी, म्हणजे कितवं उड्डाण, किती वाजता, कोणत्या एरियात. अर्धी तुकडी उडत असते तेव्हा उरलेली अर्धी वर्गात असते, मग अदलाबदल. सॉर्टींचा क्रम ठरलेला असतो. स्टॉल झाल्याशिवाय स्पिन नाही, सर्किट-लँडिंग पक्कं झाल्याशिवाय सोलो नाही. सोलोला पाठवायचं तर आडवा वारा मर्यादेत हवा. प्रत्येक विमानाचे पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंतचे तास मोजलेले. इन्स्ट्रक्टरनं दिवसात किती वेळा उडायचं यालाही बंधन. हे सगळं जुळवून संध्याकाळी तक्ता लागतो आणि पहाटेच्या मेट (हवामान) ब्रीफिंगला धुकं निघालं की वरच्या ओळी पुसायला सुरुवात होते.

दिवसही ओढाताणीचे होते. जुलै २००९ मध्ये हैदराबादजवळ नवशिक्यांचं एचपीटी-३२ विमान कोसळून दोन वैमानिक गेले आणि त्यानंतर ते विमान प्रशिक्षणातून काढलं गेलं. त्याच्या जागी येणारं स्विस पिलॅटस पीसी-७ मार्क २ अजून लांब होतं. ७५ विमानांचा करार झाला मे २०१२ मध्ये, आणि दुंडिगलच्या अकादमीत ते रीतसर दाखल झालं ३१ मे २०१३ रोजी. मधल्या वर्षांत सगळा भार किरण या जेटवर आला. एचएएलमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलेलं हे जेट १९६४ मध्ये पहिल्यांदा उडालं होतं. म्हणजे शिकवणाऱ्या बहुतेकांपेक्षा ते वयानं मोठं. पूर्वी पोरं पिस्टन इंजिनाच्या विमानावर हात बसवून मग किरणवर यायची, आता ती थेट जेटमध्येच बसत होती. किरणचा एकेक तास जपून वापरायचा होता. ‘लाइनवर विमान नुसतं उभं दिसता कामा नये’ हे वाक्य कुठल्या ना कुठल्या मीटिंगमध्ये रोज ऐकू यायचं.

माझ्या आधी प्रोग्रॅम करणारे सर शिसपेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसायचे. संध्याकाळी क्रू रूममध्ये चहा घेत, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारत त्यांचं काम चालायचं. एखाद्याला विचारायचे, ‘आज तुझ्या पोराचं काय?’ तो म्हणायचा, ‘वैतागलाय, सर.’ ते नुसतं हं म्हणायचे आणि एक नाव खोडून दुसरीकडे लिहायचे. मला वाटायचं, किती हा वेळखाऊपणा. त्यांच्याकडून काम समजून घ्यायला गेलो तेव्हा मी एकच प्रश्न विचारला, ‘सर, नियम काय काय आहेत?’ त्यांनी सगळे सांगितले, मी वहीत उतरवून घेतले. जे नियमात बसत नव्हतं ते त्यांच्या लहरीचं, असं मी धरून चाललो. चार संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून ते नाव का खोडतात हे विचारलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. पण मला माणूस समजून घ्यायचा नव्हता, मॅक्रोला खाद्य हवं होतं.

मॅक्रो झकास चालला. नावं, विमानं, सॉर्टींचे क्रमांक भरायचे, बटण दाबायचं, तक्ता तयार. भरलेली जागा हिरवी, रिकामी पांढरी, अडलेली लाल. पंगतीत पान रिकामं झालं की पुढच्याला बसवावं तसा तो काम करायचा. जागा दिसली, नियमात बसणारा कॅडेट दिसला, बसवला. महिन्याच्या उड्डाणांचा आकडा वाढला. माझा हिरवा तक्ता प्रोजेक्टरवर दाखवला गेला, मला उभं करून कौतुक झालं. मी ते ऐकून घेतलं आणि मॅक्रोला आणखी दोन रंग दिले.

पहिला फटका इंजिनिअरिंगच्या बाजूनं आला आणि तो निव्वळ माझ्या अडाणीपणाचा होता. विमान निवडताना मॅक्रो यादीत वरून खाली यायचा. मोकळं दिसलेलं पहिलं विमान उचलायचा. परिणामी यादीतली वरची विमानं रोज भरपूर उडायची, खालची क्वचित. इंजिनिअरिंगवाले नेमकं याच्या उलट जपत असतात. सगळी विमानं एकदम सर्व्हिसिंगला येऊ नयेत म्हणून प्रत्येकाचे उरलेले तास पायरीपायरीनं कमी होतील असं ते बघतात. त्याला ते स्टॅगर म्हणतात आणि त्याचा तक्ता हँगरमध्ये भिंतीवर लावलेला असतो. मी तो रोज ओलांडून जात होतो. एके सकाळी वॉरंट ऑफिसर माझ्याकडे आले आणि फार अदबीनं म्हणाले, ‘सर, आपल्याला काही विशिष्ट विमानं आवडतात का?’ मला आधी विनोदच वाटला. त्या आठवड्यात वरची विमानं पाठोपाठ हँगरमध्ये गेली आणि प्रोग्रॅम निम्म्यावर आला. दुरुस्ती सोपी होती, विमान निवडताना उरलेल्या तासांचा विचार कर, एवढंच मॅक्रोला सांगायचं होतं. मी ते सांगितलं आणि धडा संपला असं समजलो. यादीतल्या क्रमानं विमानांवर अन्याय होत असेल तर तोच माणसांवरही होत असेल, हे तेव्हा सुचलं नाही.

दुसरी चूक वर्गातली. प्रोग्रॅमचं कौतुक झाल्यावर ग्राउंड स्कूलचे धडे कम्प्युटरवर आणायचं कामही माझ्याकडे आलं. आमच्या तिथे इंटरनेट नाही, पेन ड्राइव्हला बंदी, वर्गातल्या कम्प्युटरांचं आपसातलं जाळं तेवढं होतं. इंजिन, इंधनव्यवस्था, हायड्रॉलिक्स, कॉकपिटची ओळख, आणीबाणीतल्या कृती, अशा सगळ्यांचे मी धडे केले. चित्रावर क्लिक केलं की स्विच उजळायचा, बाण फिरायचे, शेवटी प्रश्न. काम मन लावून केलं होतं, चित्रं आजही मला आवडतात. फक्त धडा पूर्ण झाला हे कशावरून धरायचं, यावर मी मिनिटभरही विचार केला नाही. शेवटचा पडदा उघडला की नावासमोर हिरवी खूण. प्रश्न चुकला तर बरोबर उत्तर दिसायचं आणि तोच प्रश्न त्याच पर्यायांसह पुन्हा यायचा.

कॅडेट मूर्ख नसतात. रात्री दमून आलेल्या पोरानं ‘पुढे’ बटणावर बोट ठेवून धडा संपवणं अगदी साहजिक होतं. काहींना तर पर्यायांची जागा पाठ झाली होती. मला दिसत होत्या त्या फक्त हिरव्या खुणा. त्यांच्या जोरावर मी असा प्रस्ताव ठेवला की, कॉकपिटची ओळख आता कम्प्युटरवर होते, तर हँगरमध्ये उभ्या विमानात बसून करायच्या सरावाचा वेळ कमी करावा आणि तो तास फ्लाइंगला द्यावा. प्रस्ताव मान्य झाला. मान्य करणाऱ्यांनी माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवला होता.

हँगरमधला तो सराव दिसायला कंटाळवाणा असतो. पोरगं सीटवर बसतं, डोळ्यांवर पट्टी बांधतं, शेजारचा एकेका स्विचचं नाव घेतो आणि त्यानं चाचपडत तो शोधायचा. चाकांचा लिव्हर, फ्लॅप, इंधनाचा कॉक, रेडिओ. हात आपोआप जाईपर्यंत हे चालतं. हवेत डोळे बाहेर असावे लागतात, म्हणून आत काय कुठे आहे ते हातानं जाणायचं. माझ्या धड्यात हात माउसवर होता आणि डोळे पडद्यावर. प्रश्नही पर्यायांसह समोर यायचा. स्पिनमधून बाहेर पडायचं तर थ्रॉटल बंद, फिरकीच्या उलट बाजूचा रडर पूर्ण, मग स्टिक पुढे, हा क्रम पोरं क्लिक करून अचूक लावायची. विमानात पर्याय दिसत नाहीत. तिथे पायाला आठवावं लागतं.

किरणमध्ये इन्स्ट्रक्टर आणि कॅडेट शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे हे लपलं नाही. डाउनविंडला, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उडताना, चेक करताना शेजारचं पोरगं मान खाली घालून स्विच शोधायचं, तोवर विमान उंची सोडायचं. ते सावरेपर्यंत वळणाची जागा निघून जायची. क्रू रूममध्ये सगळे कुरकुरू लागले, ‘या तुकडीचं लक्ष नाही.’ मीही त्यांच्यात सामील होऊन कुरकुरलो. हँगरचा तास मीच काढला होता आणि तो वाचवून मिळवलेल्या सॉर्टींमध्ये आम्ही आता स्विच शोधायला शिकवत होतो, म्हणजे जमिनीवर फुकट होणारं काम हवेत रॉकेल जाळून. हे माझ्या लक्षात येईपर्यंत त्या तुकडीचा बराच काळ निघून गेला. लक्षात आल्यावर हँगरचा तास परत मागितला. कारण देताना मात्र मी लिहिलं, ‘तुकडीची गरज लक्षात घेऊन’. माझा प्रस्ताव चुकला, असं लिहिलं नाही.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी. ती पहिल्या दोन्हींसारखी दिसलीही नाही.

एक कॅडेट होता. अभ्यासात बरा, हवेत थोडा हळू. त्याचं अडत होतं राउंड-आउटवर, म्हणजे धावपट्टीजवळ आल्यावर नाक हळूहळू वर घेऊन विमान टेकवण्यावर. कधी उंचावरच नाक उचलायचा, कधी फार उशिरा. ही अडचण नेहमीची आहे, बहुतेकांना येते आणि एक दिवस अचानक जाते. ती जाण्यासाठी दोन गोष्टी लागतात. उड्डाणं सलग हवीत, आणि शेजारी तोच माणूस हवा. १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरीनं दुहेरी नियंत्रणं आणि बोलायची नळी वापरून हवेत बोलत शिकवण्याची जी पद्धत बसवली, तिच्यावर आमचं सगळं शिकवणं उभं आहे. हवेतल्या त्या बोलण्याला आम्ही पॅटर म्हणतो. तांबरमला सगळ्यांना एकच पॅटर शिकवतात, पण काही वर्षांत प्रत्येकाची त्यात आपली भर पडते. राउंड-आउटला एक म्हणतो, नजर धावपट्टीच्या टोकाला ठेव. दुसरा म्हणतो, मध्यावर. तिसरा नजरेबद्दल बोलतच नाही, म्हणतो, जमीन वर येतेय असं वाटलं की सुरुवात कर. तिघांचंही बरोबर असतं. एकाकडून शिकलं तर तिन्हींपैकी कशानंही जमतं. आळीपाळीनं तिघांकडून ऐकलं तर पोरगं धावपट्टीवर उतरताना कोणाचं ऐकायचं ते ठरवत बसतं.

माझा मॅक्रो मोकळा इन्स्ट्रक्टर शोधायचा. कोणाचा कॅडेट कोण, हे त्याला माहीत नव्हतं, कारण तो नियम नव्हता. सर ते पाळायचे, पण कुठे लिहिलेलं नव्हतं. त्या पोराला दर वेळी नवा शेजारी मिळाला. प्रत्येकानं सॉर्टीनंतर प्रामाणिकपणे लिहिलं की राउंड-आउटला सराव हवा. एकेका शेऱ्यात गैर काहीच नव्हतं. सगळे एकत्र वाचले की मात्र चित्र उभं राहायचं की, पोरगं सुधारतच नाही.

याहून वाईट पुढे आहे. सॉर्टी असमाधानकारक झाली की ती पुन्हा घ्यायची असते, आणि पुन्हा घ्यायला फ्लाइट कमांडरची मंजुरी लागते. माझ्या तक्त्यात ती मंजुरी एका चौकोनात मी नोंदवायचो. नोंद होईपर्यंत त्या कॅडेटची ओळ लाल, आणि मॅक्रो लाल ओळ सोडून पुढे जायचा. मंजुरी कमांडरकडून दुपारीच मिळायची. मी दिवसाच्या शेवटी, उद्याचा प्रोग्रॅम काढून झाल्यावर, सवडीनं नोंदी करायचो. म्हणजे ज्याची सॉर्टी बिघडली, तो प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवसाच्या प्रोग्रॅममधून आपोआप गळायचा. मग मध्ये पाऊस, मग परीक्षा, मग रविवार. ज्याला सलग उडण्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच माझी यंत्रणा सर्वांत जास्त थांबवत होती. तक्ता मात्र हिरवाच दिसायचा, कारण त्याची जागा लगेच दुसरा, चांगला उडणारा कॅडेट भरत होता.

तो प्रोग्रेस चेकला, म्हणजे प्रगती तपासणाऱ्या उड्डाणाला गेला. चेक बिघडला. जादा सॉर्टी मिळाल्या, त्याही वेगवेगळ्या हातांखाली. अखेर त्याचं फ्लाइंग थांबवलं आणि त्याला दुसऱ्या शाखेत जावं लागलं. कागदोपत्री सगळं चोख होतं.

त्यानंतर काही दिवसांनी पेन्सिलवाले सर माझ्याकडे आले. म्हणाले, ‘त्याच्या शेऱ्यांचं राहू दे. तो कोणत्या तारखेला कोणाबरोबर उडाला, एवढंच छापून दे.’ मी छापून दिलं. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, ‘याला आपण सलग उडवलंच कधी?’ आवाज चढवला नाही. ‘आपण’ म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील, पण त्यानं जास्तच लागलं. मी बाकीच्या मागे पडलेल्या कॅडेटांच्या तारखा काढल्या. सगळीकडे तोच नमुना, बिघडलेल्या सॉर्टीनंतर खंड.

मी फ्लाइट कमांडरकडे जाऊन हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मंजुरीची नोंद आधी आणि प्रोग्रॅम नंतर असा क्रम त्याच दिवशी लावला. त्या पोराचा निर्णय बदलला नाही. बदलायला हवा होता असंही मी छातीठोकपणे म्हणत नाही, चेकच्या वेळची त्याची लँडिंग खरोखर धोक्याची होती. ती तशी होण्यात माझा वाटा किती, याचं उत्तर कुठल्याच कागदात नाही.

या सगळ्यात मला आज सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच. त्या काळात कोणी विचारलं, ‘माझा कॅडेट दुसऱ्याला का दिलास?’ तर मी म्हणायचो, ‘सर, कम्प्युटरनं टाकलंय.’ आणि विचारणारा गप्प बसायचा. सरांना पेन्सिलीच्या प्रत्येक ओळीचं कारण द्यावं लागायचं, मला द्यावं लागत नव्हतं. उड्डाणाआधी ऑथरायझेशन बुकात सही होते, विमानाच्या देखभालीच्या नोंदीत, फॉर्म ७०० मध्ये, सही होते, म्हणजे जबाबदारी नावानिशी ठरलेली असते. कोणी कोणाकडून आणि किती दिवसांनी शिकायचं, हा निर्णयही तेवढाच शिकवण्याचा भाग होता. त्याच्याखाली कोणाचीच सही नव्हती, आणि मला ते सोयीचं होतं.

पुढे बराच काळ मी स्वतःची समजूत काढली की, माझं साधन घरगुती होतं म्हणून हे झालं. अमेरिकी नौदलाचं टी-४५ गॉसहॉक आपल्या बिदरच्या हॉक या प्रशिक्षण विमानाचंच भावंड. ते घेताना नौदलानं नुसतं विमान घेतलं नाही. विमान, सिम्युलेटर, कम्प्युटरवरचे धडे, प्रशिक्षणाचा ताळमेळ ठेवणारी संगणकीय प्रणाली आणि देखभाल, असा पाच भागांचा एकच संच घेतला. त्यांच्या टी-६ टेक्सन विमानांच्या प्रशिक्षणालाही टिम्स नावाची अशी प्रणाली जोडलेली होती. आपल्या पिलॅटसबरोबरही जमिनीवरच्या प्रशिक्षणाची सामग्री आली. हे वाचून हेवा वाटायचा. आपल्याला तसं मिळालं असतं तर, असं वाटायचं.

निवृत्त होऊन पुण्यात प्रशिक्षणाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत लागलो, तेव्हा ती समजूत गेली. कम्प्युटरवरचे धडे एकमेकांच्या प्रणालीत चालावेत म्हणून स्कॉर्म नावाचं एक मानक आहे. अमेरिकी संरक्षण खात्यानं १९९७ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमातून ते आलं. त्यात ‘धडा पूर्ण’ आणि ‘धड्यात उत्तीर्ण’ अशा वेगवेगळ्या नोंदींची सोय आहे. पण पूर्ण कधी म्हणायचं, ते धडा करणाऱ्यावर सोडलेलं असतं. आमच्या कंपनीत बहुतेक धड्यांत ते शेवटच्या पडद्यावरच ठरत होतं, कारण ग्राहकाला महिनाअखेर शंभर टक्के दाखवायचे असतात. साधन महाग असो की घरगुती, त्याला काय मोजायचं ते सांगणारा माझ्यासारखाच कोणीतरी असतो, आणि जे पटकन मोजता येतं ते तो आधी सांगतो.

आता आम्ही फ्लाइंग स्कूलसाठी वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर करतो. मी हट्टानं त्यात तीन गोष्टी घातल्यात. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे शेवटच्या उड्डाणाला किती दिवस झाले आणि सध्याच्या धड्यात किती इन्स्ट्रक्टर बदलले, हे पहिल्याच पानावर दिसतं. बिघडलेली सॉर्टी यादीत खाली न जाता वर येते. आणि तक्ता कायम करताना माणसाला आपलं नाव लिहावं लागतं, त्याशिवाय तो छापला जात नाही.

प्रात्यक्षिक दाखवायला जातो तेव्हा समोरचे अधिकारी पहिलं पान सौजन्यानं पाहतात आणि विचारतात, ‘विमानांचा वापर किती टक्के, ते कुठे दिसतं?’ ते चौथ्या पानावर आहे. आमचे विक्रीवाले म्हणतात, ते पहिल्यावर आणा, ऑर्डरी वाढतील. त्यांचं खरं असणार. त्या खुर्चीत मी असतो तर मीही तोच प्रश्न विचारला असता, विचारलाही होता. म्हणून मी वाद घालत नाही, चौथं पान उघडून टक्के दाखवतो आणि मग विचारतो, ‘तुमच्याकडचा सर्वांत मागे पडलेला विद्यार्थी शेवटचा कधी उडाला?’ याचं उत्तर अजून कोणी जागच्या जागी दिलेलं नाही. बहुतेक जण शेजारच्याकडे बघतात. ज्याच्याकडे बघतात, तो हमखास प्रोग्रॅम करणारा असतो.